फोर्कलिफ्टला सॉलिड टायर घ्या, पण आधी आवारातले खड्डे बुजवा



आजच्या निरोपात हवामान, बाजारभाव, फवारणी यातलं काही नाही. आज गोदामातल्या आपल्या जुन्या फोर्कलिफ्टच्या टायरांबद्दल लिहितोय. निरोप लांब आहे, चहा घेता घेता वाचा. दिवाळी झाली. हळदीची आवक सुरू व्हायला आता दोन-अडीच महिने आहेत, आणि हा निर्णय त्याआधीच घ्यावा लागणार आहे.

परवाच्या बैठकीत या विषयावर तीन मतं पडली. एक जण म्हणाले, "वीस वर्षांच्या मशीनला नवे टायर म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीच्या शेंब्या. भंगारात काढा." दुसरे म्हणाले, "सॉलिड टायर टाका, पंक्चरची कटकटच नको." तिसरे म्हणाले, "हवेचेच राहू द्या, पंक्चर काढणारा फाट्यावर बसलाय." गोदामाचं काम मी बघतो, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन ठेवावी. चारही चाकांना सॉलिड टायर घ्यावेत. पण गोदामाच्या दारापासून वजनकाट्यापर्यंतचा उखडलेला पट्टा दुरुस्त केल्याशिवाय ते टायर बसवू नयेत. या शेवटच्या वाक्यासाठीच एवढं लिहायला बसलो.

गेल्या मार्चमधली गोष्ट तुमच्यापैकी काहींनी डोळ्यांनी बघितली आहे. बाहेर टेम्पोंची रांग लागली होती. पॅलेटवर हळदीची वीस पोती, पोतं पन्नास किलोचं धरलं तरी एक टन माल, थप्पीच्या वरच्या थराला चढवत होतो. तेवढ्यात पुढचा डावा टायर बसला. धडाका झाला नाही, नुसता सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि मास्ट एका अंगाला कलला. खाली पॅलेटला हात लावून उभा असलेला हमाल मागे सरला म्हणून निभावलं. तीन पोती खाली आली, एक फुटलं. टायर काढला तर आत पॅलेटचाच खिळा. तेव्हापासून कोणी पंक्चर म्हणजे "अर्ध्या दिवसाचा खोळंबा" म्हणालं की मला तो हमाल आठवतो.

असं का होतं ते साध्या हिशोबात बघा. मशीनच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण मीटरभर. एका बाजूचा टायर पाच सेंटिमीटर खाली बसला, तर तीन मीटर उंचीवर धरलेला माल पंधरा सेंटिमीटर बाजूला सरकतो. खाली जेवढं बसेल त्याच्या तिप्पट वर. ट्रॅक्टरचा टायर बसला तर ट्रॅक्टर तिरपा उभा राहतो, एवढंच. इथं एक टन माल डोक्यावर असतो.

त्यात फोर्कलिफ्टला स्प्रिंग नसतात. पुढचा आस थेट चॅसिसला बांधलेला. दोन टनी डिझेल मशीनचं स्वतःचं वजन साधारण साडेतीन टनांच्या आसपास असतं. वर पूर्ण दोन टन माल घेतला की एकूण साडेपाच टनांपैकी साडेचार ते पाच टन पुढच्या दोन टायरवर येतात. म्हणूनच या टायरांत शंभर पीएसआयच्या वर हवा भरावी लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात आपण किती भरतो ते आठवा. "ट्रॅक्टरचा टायर दहा वर्षं जातो, मग याचा का जात नाही?" असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे. तो मऊ मातीत मऊ चालतो, हा कोब्यावर टणक चालतो.

आता पंक्चर कशानं होतं? मी गेल्या हंगामात निघालेल्या वस्तू एका डब्यात ठेवल्यात, ऑफिसला आलात तर बघा. पॅलेटचे खिळे सगळ्यात जास्त. खोक्यांना बांधलेल्या लोखंडी पट्टीचे तुकडे. पोतं शिवायच्या दाभणाचं मोडकं टोक. द्राक्षबागेच्या मांडवाची तार, ती बेदाण्याच्या खोक्यांच्या गाडीबरोबर आली असणार. आणि वेड्या बाभळीचे काटे, ते तुमच्या-माझ्या टेम्पोच्या टायरात रुतून येतात आणि आवारात गळतात. म्हणजे आपली फोर्कलिफ्ट पंक्चर करायचं सामान बहुतेक आपणच आणून टाकतो.

आपल्या वाडवडलांना हा प्रश्न नव्हता. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत राहायची, वर्षानुवर्षं कीड न लागता. उतरवायची माणसानं, काढायची माणसानं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच पेवं गेली. २०१९ आणि २०२१ ला पुन्हा पूर आला. आता माल जमिनीवरच्या गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये, थप्प्या लावून. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण मानांकनाचा माल थप्पीवर चढतो तो याच चार चाकांवर. कोरेगाव-कराडकडचे आपले आल्याचे सभासदही आता याच गोदामात येतात, म्हणजे मशीनचं काम वाढणार आहे.

असो. बाजारात तुम्हाला काय काय सांगितलं जाईल ते आता बघू.

पहिला स्वस्त उपाय, टायरात ओतायचं द्रव. खिळ्याचं बारीक भोक ते बुजवतं, खोटं नाही. पण टायरच्या बाजूला पट्टीनं चीर पडली तर त्याचा उपयोग शून्य. आणि आपल्या डब्यात पट्टीचे तुकडे बरेच आहेत.

दुसरा उपाय, टायरात फोम भरून घट्ट करणं. हवा नाही म्हणजे पंक्चर नाही. पण टायर भलता जड होतो, आणि वरची नक्षी झिजली की आतला महागाचा फोमही टायरबरोबर फेकावा लागतो. रिमवरून तो काढणं म्हणजे कापाकापीच. खडकाळ खाणीत चालणाऱ्या मोठ्या मशीनला ते परवडत असेल. आपल्याला नाही.

तिसरा, हवेचेच पण जास्त प्लायचे औद्योगिक टायर. खरोखर चांगले घेतले तर वाईट नाहीत. मात्र मापात बसतोय म्हणून छोट्या टेम्पोचा रिमोल्ड टायर कोणी बसवू म्हणालं तर नाही म्हणा. हा मोह आपल्याला एकदा झालेला आहे. तो टायर हंगामही टिकला नाही.

चौथा म्हणजे सॉलिड. पुष्कळांना वाटतं ते नुसतं रबराचं ठोकळं असतं. चांगल्या सॉलिड टायरात बहुधा तीन थर असतात. रिमला घट्ट धरणारा कडक थर, त्यात पोलादी तारांची कडी. मधे जरा मऊ, गचका खाणारा थर. वर झिजेला टिकणारा. बाहेरून हवेच्या टायरासारखाच दिसतो आणि योग्य मापाचा घेतला तर आहे त्याच रिमवर बसतो. खिळा घुसला तरी चालतच राहतो. टायर बसून माल कलंडायचा धोका उरत नाही, आणि माझ्या लेखी सॉलिड घ्यायचं खरं कारण हेच आहे. पंक्चरवाल्याचे पैसे वाचतात ते नंतरचं.

मग आवाराची अट कशाला? तर बैलगाडीमुळं. हसू नका. लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची, तेव्हा गाडी पंक्चर झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तरी ऊस वाहणाऱ्यांनी टायरची डनलप गाडी घेतली. का? धावेची गाडी दगडावरून गेली की तो गचका आसाला, साट्याला आणि बैलांच्या मानेला बसायचा. हवेचा टायर तो गचका स्वतः खातो. जॉन डनलपनं १८८८ मध्ये आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं टायर केलं, तेही गचके बसू नयेत म्हणूनच.

सॉलिड टायर घेतला म्हणजे आपण अर्धं-मुर्धं धावेकडं परत गेलो. मधला मऊ थर गचका काही प्रमाणात खातो, पण हवेइतका नाही. उरलेला गचका कुठं जातो? स्प्रिंग तर नाहीत. तो जातो पुढच्या आसात, मास्टच्या रोलर-बेअरिंगात, मागच्या किंगपिनांत आणि शेवटी ड्रायव्हरच्या कमरेत. नवी मशीन हे बरीच वर्षं सोसेल. आपली मशीन वीस वर्षांची. किंगपिनांत आत्ताच हालचाल आहे, मास्ट वर जाताना खडखडतो. वजनकाट्याकडच्या त्या खड्ड्यांतून दिवसाला शंभर फेऱ्या सॉलिड टायरवर मारल्या, तर टायर शाबूत राहतील आणि मशीन खिळखिळी होईल. टायरचे वाचवलेले पैसे वेल्डिंगवाल्याकडे जातील.

म्हणून माझं म्हणणं, त्या पट्ट्यावर कोबा करून घ्यावा. मुरूम टाकून दाबणं नको. पहिल्या वळवात तो वाहून जातो हे आपण दोनदा बघितलंय. गोदामाच्या दाराशी जो उंबऱ्यासारखा कट आहे तोही उताराचा करावा. लांबी फार नाही. कोब्याचा खर्च टायरच्या खर्चात मिसळू नका, तो तसाही करायचाच होता. तुमचे टेम्पो तिथंच आदळतात, तुम्हीच तक्रार करता.

आवार दुरुस्त करायचं नसेल, तर मात्र मी माझं मत बदलतो. मग हवेचेच चांगले टायर घ्या, हवा रोज सकाळी मोजा आणि पॅलेटचे खिळे ठोकायला एक माणूस लावा. खड्ड्यांच्या आवारात सॉलिड टायर ही सगळ्यात वाईट निवड आहे.

टायर घेताना दुकानदाराला काय विचारायचं तेही लिहून ठेवतो. उद्या मी नसेन, दुसरा कोणी जाईल. आपल्या मशीनला पुढं ७.००-१२ आणि मागं ६.००-९ मापाचे टायर आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. सॉलिड घेताना रिमची रुंदीही जुळावी लागते, म्हणून फोनवर माप सांगून मागवू नका, रिम उतरवून दाखवा. मशीनवर कंपनीची पाटी असते, तिच्यावर किती वजन उचलायचं ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा टायरचा प्रकारही असतो. टायरचा प्रकार बदलायच्या आधी त्या कंपनीच्या विक्रेत्याकडून "या मॉडेलला सॉलिड चालेल" असं लेखी घ्या. एकाच आसावर एक सॉलिड आणि एक हवेचा असं कधीही करू नका. हवेचा दबतो, सॉलिड दबत नाही, म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासूनच कललेली.

पांढरे किंवा राखाडी, फरशीवर डाग न पाडणारे टायरही दाखवतील. ज्यांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या गुळगुळीत फरशीवर फिरतो, त्यांनी त्याचा विचार करावा. साधारणपणे ते काळ्यापेक्षा महाग असतात आणि लवकर झिजतात. आपल्या हळदीच्या गोदामाला काळे पुरे.

सेकंडहॅंड सॉलिड टायर स्वस्तात मिळतात. घेऊ नका. वरून नक्षी दिसते, आतला थर उष्णतेनं सुटलाय का हे डोळ्यांना दिसत नाही. सॉलिड टायरचा वैरी उष्णताच. आत तयार झालेली उष्णता जाड रबरातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून सॉलिड बसल्यावर मशीन रस्त्यानं दीड किलोमीटर पलीकडच्या शेडला न्यायची आपली सवय बंद करावी लागेल, एप्रिलच्या उन्हात तर नक्कीच. कमी अंतर, कमी वेग, मधे विश्रांती, यासाठीच तो टायर आहे. डिझेल-ऑईलच्या थारोळ्यात मशीन उभी करायची नाही, रबर फुगतं. आणि हंगाम संपल्यावर एकाच जागी चार महिने उभी ठेवली तर खालचा भाग चपटा होतो, म्हणून आठवड्याला एकदा तरी चार पावलं हलवावी.

आता रिमबद्दल, आणि हे नीट वाचा. फोर्कलिफ्ट नसलेल्यांनीसुद्धा वाचा, कारण अशा रिमा दुसऱ्याही मशीनांना असतात. आपल्या रिमा दोन तुकड्यांच्या, नट-बोल्टनं एकमेकांना जोडलेल्या आहेत. चाक हबला धरणारे नट वेगळे, आणि रिमचे दोन भाग एकत्र धरणारे नट वेगळे. टायरात शंभर पीएसआयच्या वर हवा असताना चुकून दुसरे नट सैल केले, तर रिमचा तुकडा तोफगोळ्यासारखा सुटतो. समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून चाकाला पाना लावायच्या आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, सगळी हवा जाऊ द्यायची, व्हॉल्व्हच्या भोकात तार घालून बघायचं की ते तुंबलेलं तर नाही, आणि मगच नट. हे काम फाट्यावरच्या पोराला "जरा लवकर कर" म्हणून घाईत द्यायचं नाही. गेल्या हंगामात सात वेळा आपण ते तसंच दिलं. काही झालं नाही, ते नशीब.

सॉलिड टायर हातोड्यानं बसत नाही, त्याला मोठा हायड्रॉलिक प्रेस लागतो. कुपवाड, मिरज, सातारा, कराड इथल्या एमआयडीसींच्या आसपास चौकशी करू. चारही रिमा एकदम पाठवायच्या, मशीन तोवर लाकडी ठोकळ्यांवर. त्याच वेळी किंगपिन, बेअरिंग बघून घ्यायचे. हे काम आत्ताच होऊ शकतं. फेब्रुवारीत मशीन ठोकळ्यावर चढवली तर तुम्हीच मला ठोकळ्यावर चढवाल.

भंगारवाल्या मंडळींना उत्तर द्यायचं राहिलं. नवी मशीन घेऊ नये असं नाही. पण मशीनचं इंजिन, गिअर, हायड्रॉलिक चांगलं आहे. नव्या मशीनला कर्ज काढावं लागेल, आणि तीच नवी मशीन याच खड्ड्यांत चालणार. आधी कोबा झाला तर तो नव्या मशीनलाही उपयोगी. टायरचा हिशोब मी किमतीवर करत नाही, तासावर करतो. समजा हंगामात मशीन रोज सहा तास, शंभर दिवस चालली, म्हणजे सहाशे तास. टायरच्या किमतीत पंक्चरचे पैसे, हमालांची थांबलेली मजुरी, टेम्पोचं थांबण्याचं भाडं मिळवा आणि तासांनी भागा. सॉलिडची किंमत हवेच्या टायरपेक्षा जास्त आहे, पण तासाला पडणारा खर्च किती ते मीटर बघून दोन हंगामांनी कळेल. त्यासाठी टायर बसवलेल्या दिवसाचं मीटर रीडिंग लिहून ठेवणार आहे. झीज किती झाली हे टायरच्या बाजूवरच्या रेघेवरून समजतं. ज्या टायरवर ती रेघ आहे तोच घेऊ.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मोडक्या पॅलेट परत आणताना वर आलेले खिळे ठोकून आणा, आणि पट्टी कापली की तुकडा खिशात टाका, जमिनीवर नाही. दुसरं, माल उतरवताना ड्रायव्हरला "हाण की रं बिगीबिगी" म्हणून मागे लागू नका आणि उचललेल्या मालाखाली किंवा शेजारी कोणाला उभं राहू देऊ नका, स्वतःही राहू नका.

कोबा आणि टायर, दोन्हीचे प्रत्येकी तीन लेखी भाव मागवतोय. आले की याच नंबरवरून पाठवतो. शेअर कितीही असोत, कंपनीत सभासदाचं मत एकच, त्यामुळं पुढच्या बैठकीआधी "कोबा आणि सॉलिड", "हवेचेच" किंवा "नवी मशीन" यापैकी तुमचं मत ऑफिसच्या नंबरवर लिहून पाठवा. ज्यांच्या ओळखीत कोब्याचं काम करणारा चांगला गवंडी असेल त्यांनी नाव कळवा. मागच्या गवंड्याला मात्र बोलावणार नाही, त्यानं दिलेला उतार दाराकडंच आहे.